पंचेचाळीस किलो सिंगतेल

माणसाचं कोलेस्टेरॉल ही त्याची खाजगी बाब आहे, अशी माझी समजूत होती. आपलं ठेवावं झाकून, असं म्हणतात ते उगीच नाही. पण गुजरातेतल्या आमच्या अडाजणच्या सोसायटीत झाकून ठेवायची सोयच नाही. डिसेंबरात सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत रक्ततपासणीचा कँप झाला आणि चौथ्या दिवशी आमचे सेक्रेटरी छगनभाई सगळ्यांचे रिपोर्ट घेऊन लिफ्टसमोर उभे राहिले. लाइटबिलं वाटावीत तसे वाटत होते. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं नाही, उघडलं. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि दूधवाला, दोन शाळकरी मुली आणि पाचव्या मजल्यावरच्या मंगलाबाई यांच्यासमक्ष ते गरजले, "प्रभाकरभाई, एलडीएल एकसो ब्यासी! आखी सोसायटीमां फर्स्ट!"

एलडीएल म्हणजे वाईट जातीचं कोलेस्टेरॉल. मी शाळेत कधी पहिला आलो नाही, बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेतही नाही. सत्तावन्नाव्या वर्षी पहिला आलो तो यात. दूधवाल्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की उद्यापासून अर्धा लिटर कमी टाकू का, एवढंच विचारायचं बाकी होतं.

नीलाची, म्हणजे माझ्या बायकोची, तपासणी झालीच नाही. कँपच्या आठ माणसांना नाश्ता कोण देणार असा प्रश्न निघाला तेव्हा सोसायटीनं एकमतानं तिच्याकडे पाहिलं होतं. हॉलमध्ये लोक उपाशीपोटी रक्त देत होते आणि ती आमच्या स्वयंपाकघरात बटाटेपोहे परतत होती. हृदयाची काळजी घ्या असं छापलेले टी-शर्ट घालून त्या आठ जणांनी तीन-तीन बशा पोहे खाल्ले, वर शेव मागून घेतली.

रिपोर्ट घेऊन मी डॉक्टर किरण देसाईंकडे गेलो. वयानं त्या आमच्या लेकीपेक्षा, प्राजक्तापेक्षा, चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्या बोलतात गुजरातीत. मी इथे मराठीत देतो, कारण गुजरातीत ते जास्त लागतं.

"घरात माणसं किती?"

"दोघं."

"तेल किती लागतं?"

आता हा प्रश्न मला आवडला. मी जरा सरसावून बसलो. "आम्ही वर्षाचं एकदम भरतो. सिंगतेल. पंधरा किलोचे तीन डबे. या महिन्यातच भरलेत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पंचेचाळीस किलो? काका, माणशी महिन्याला अर्धा किलो पुष्कळ झालं. म्हणजे दोघांना वर्षाला बारा."

बत्तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे गणित मला तोंडी येतं, हेच वाईट. माझ्या पलंगाखाली पावणेचार वर्षांचं तेल होतं.

इथे मला स्वतःची बाजू मांडली पाहिजे. दर डिसेंबरात छगनभाईंचे मेहुणे सौराष्ट्रातून नव्या सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, टेंपो पाठवतात आणि सोसायटीतलं प्रत्येक घर आपापले डबे उतरवून घेतं. कोणी किती घेतले हे गच्चीतून सगळे बघत असतात. आई होती, प्राजक्ता घरी होती, तेव्हापासून आमचे तीन. आई गेली. प्राजक्ता नोकरीला पुण्याला गेली. नीला म्हणाली, "अहो, आता एक पुरे." पण डबे कमी करायचे म्हणजे आपल्या घरातली माणसं कमी झाली हे टेंपोसमोर उभं राहून जाहीर करायचं. ते माझ्याच्यानं होईना. तीन म्हणजे तीन.

"तेल कोणतं, यापेक्षा किती, हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तळलेलं बंद. एकदा तळलेलं तेल पुन्हा कढईत नाही. पापड, लोणचं, फरसाण कमी, त्यातलं मीठ रक्तदाब वाढवतं. डाळी, भाज्या, फळं, नाचणी-ज्वारी वाढवा. रोज चाला. वडिलांना काही त्रास होता?"

माझे वडील अमळनेरला हेडमास्तर होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी जेवता जेवता पाटावरच गेले. पानात वांग्याचं भरीत होतं आणि त्यावर ओतलेली तेलाची धार अजून मुरायची होती. मला येत्या होळीला अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. हे मी सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम मऊ झाला, आणि डॉक्टरचा आवाज मऊ झालेला मला अजिबात आवडत नाही. त्या म्हणाल्या, "तीन महिने देते. आकडा उतरवून दाखवा. नाही उतरला तर गोळ्या सुरू करू."

नीलानं पथ्याचा कागद दोनदा वाचला आणि फ्रिजवर चिकटवला. वडील गेले तेव्हा ती आमच्या घरात नवी नवरी होती, भरीत तिनंच वाढलं होतं. ते ती कधी बोलत नाही. एवढंच म्हणाली, "होळी पार पडेपर्यंत मला विचारल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही."

आता तीन डबे तेलाचं काय करायचं, हा प्रश्न. तो प्रश्न माझा होता. पण सोसायटीनं तो आपला मानला.

"सिंगतेल तो हार्ट माटे बहु सारुं!" छगनभाई म्हणाले. म्हणजे हृदयाला फार चांगलं. साहजिक आहे, मेहुणा त्यांचा. आमच्या बँकेच्या पांडेसऱ्याच्या शाखेतले योगेंद्रबाबू म्हणाले, मोहरीचं घ्या. त्यांच्या समोरच्या टेबलानं सांगितलं की खोबरेल तेलाचा एक चमचा पहाटे घेतला की शिरा धुऊन निघतात. माझ्या शिरा म्हणजे काय सोसायटीची ड्रेनेज लाइन आहे? मंगलाबाईंचे यजमान सुकलाल पांडेसऱ्यात रंगाईच्या कारखान्यात मास्टर आहेत; घरी त्या अजून अहिराणीच बोलतात. मला जिन्यात गाठून त्या म्हणाल्या, "भाऊ, तेल बिगरनी भाजी म्हंजे काय भाजी शे? मना सासरा नव्वद वरीसना व्हता, वाटीवर तेल पिये!" सासरे दिवसाला बारा मैल चालत आणि विहिरीचं पाणी शेंदत, हे त्यांनीच मागे एकदा सांगितलं होतं. मी त्याची आठवण दिली तर म्हणाल्या, "मंग तुमी बी शेंदा!" चौथ्या मजल्यावर मी काय शेंदणार?

डबे परत घ्या म्हटलं तर छगनभाई म्हणाले टेंपो गेला. तेव्हा मी नोटिस बोर्डावर सुवाच्य अक्षरात कागद लावला: 'सिंगतेलाचे तीन डबे, सीलबंद, प्रकृतीच्या कारणास्तव देणे आहेत.' संध्याकाळपर्यंत कागद गायब. छगनभाईंनी बोलावून घेतलं. रहिवासी सोसायटीत धंदा करायचा तर कमिटीचा ठराव लागतो, म्हणाले. मी म्हटलं, हा धंदा नाही, ही औषधयोजना आहे. ते म्हणाले, अर्ज करा, तीन प्रतींत. केला. कमिटी महिन्याच्या पहिल्या रविवारी भरते, भरली. कोरम होईना म्हणून सभा पाऊण तास तहकूब झाली, आणि तेवढ्या वेळात अर्जदारानं नाश्ता द्यायचा प्रघात आहे हे मला कळलं. माझं कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून अकरा माणसांनी माझ्या खर्चानं फाफडा-जलेबी खाल्ली, मी शेजारी बसून कोमट पाणी प्यालो. ठराव असा झाला की विषय वार्षिक सभेपुढे ठेवावा आणि श्री. भामरे यांचे नाश्त्याबद्दल आभार मानावेत. वार्षिक सभा ऑगस्टात असते.

तेल गेलं, तूप गेलं म्हणून रडणाऱ्या माणसाचा मला हेवा वाटू लागला. माझं तेल जायलाच तयार नव्हतं.

आणि मग मला कल्पना सुचली. ती माझी होती, हे पुढे जे झालं ते लक्षात घेऊन मी आधीच कबूल करतो. तेल कोणी घेत नाही, पण तेलात तळलेलं कोण नाकारतो? सगळं तळून वाटून टाकायचं! आपण कणही चाखायचा नाही.

"एवढं तळायचं?" नीलानं विचारलं.

"माझ्या हृदयासाठी," मी म्हणालो. या वाक्यापुढे त्या दिवसांत आमच्या घरात कोणी काही बोलत नसे.

रविवारी तिनं सकाळपासून शेव, चकल्या आणि शंकरपाळे तळले. मी दार लावून आतल्या खोलीत प्राणायाम केला. दुपारी स्टीलचे नऊ डबे भरले आणि मी स्वतः दारोदार देऊन आलो. प्रत्येक डब्यावर 'सौ. नीला प्र. भामरे' असं कोरलेलं आहे. लग्नातल्या भांड्यांवर आपल्याकडे नाव घालतात. त्यामुळे डबे हरवणार नाहीत, परत येतील, याबद्दल मी निश्चिंत होतो.

आले ना! सगळे परत आले. आणि एकही रिकामा आला नाही.

छगनभाईंच्या डब्यात वाफवलेल्या डाळीचा लोचो होता, त्यावर लोणी, लोण्यावर तेल, तेलावर शेव. दुसऱ्या मजल्यावरून तुपातला मगस आला, समोरच्या दारातून उडदाचा अडदिया, कुठून तरी हुरड्याचे पोंकवडे. मंगलाबाईंनी खानदेशी शेवभाजी धाडली. तिच्यावर बोटभर लाल तर्री, आणि डबा आडवा होऊ नये म्हणून त्या स्वतः तो छातीशी धरून आल्या.

"अहो, कशाला हे?" मी कळवळून म्हणालो.

"रिता डबा कसा देऊ भाऊ? अपशकून व्हस!"

छगनभाईंचंही तेच. "खाली डब्बो पाछो नी अपाय, भाई!" या बाबतीत खानदेश आणि गुजरात यांचं संपूर्ण एकमत आहे, आणि ते नेमकं माझ्या जिवावर व्हायचं होतं.

बरं, लोचो पाठवणाऱ्या माणसाचा डबा आपण तरी रिकामा कसा द्यायचा? कारण काही जणांनी आमच्या डब्याबरोबर आपलाही एक जोडून दिला होता. म्हणजे पुन्हा तळण. पुन्हा नऊ डबे गेले, चौदा आले. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, तर आमच्या ओट्यावर सात घरांचं, तेलात मुरलेलं उंधियू होतं. मी आयुष्यात एवढं उंधियू आणि एवढा दुधी एका दिवशी पाहिला नव्हता. दुधी माझ्या ताटात होता, उकडलेला.

मी उपाय केले नाहीत असं नाही. एकदा फरसाण प्लास्टिकच्या पिशव्यांतून दिलं, म्हणजे परत करायला भांडंच नको. छगनभाईंच्या पत्नी चंचळबेन दुखावल्या. अमे शुं पारका छीए, आम्ही काय परके आहोत, असं म्हणून त्यांनी नवं कोरं पातेलं भरून गाजरहलवा पाठवला. एकदा डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या: 'कृपया रिकामा परत करावा.' त्यावर भामरे घमेंडी झाले, पगार वाढला वाटतं, असं बोललं गेलं. पगार! मला शिंगं फुटली असं त्यांना वाटलं की काय कोण जाणे. त्यानंतर डबे आणखी भरून येऊ लागले.

"याचं काय करायचं?" मी रोज ओट्याकडे पाठ करून विचारायचो.

"मी बघते त्याचं," नीला म्हणायची.

"कोणाला देतेस?"

"देते. अन्न टाकायचं का?"

मी जास्त विचारलं नाही. मला माझी कामं होती. पहाटे बागेत चार फेऱ्या, मग नाचणीची आंबील, दुपारी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मूग. दर तीन आठवड्यांनी पँटचा पट्टा एक भोक आत जायचा आणि मी ते भोक नीलाला नेऊन दाखवायचो. मोहावर मात केलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो हे मी आरशात पाहत होतो. बँकेत मी लोकांच्या डब्यांकडे बघून उसासे टाकू लागलो. योगेंद्रबाबूंनी जागा बदलून घेतली.

एकदा प्राजक्ताचा पुण्याहून फोन आला. "बाबा, आईची टेस्ट केली का?"

"तिला काय धाड भरलीय?" मी म्हणालो. "आकडा माझा आलाय." मला रागच आला. घरात एक माणूस मृत्यूशी झुंज देत असताना पोरीनं दुसऱ्याच माणसाची चौकशी करायची म्हणजे काय?

आणखी एका गोष्टीचा राग यायचा, तोही लिहून टाकतो. मी जिना दोन-दोन पायऱ्या चढू लागलो होतो आणि नीला मागे राहायची. मध्येच थांबायची, कठड्याला हात लावून, कोणाची तरी कुंडी बघत. "अगं, चल की," मी वरून ओरडायचो. "चालायची सवय ठेव. माझ्याकडे बघ." ती बघायची.

होळी आली. अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि मी होतो. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, तिसऱ्या दिवशी आकडा आला: एकशे अठरा. एकशे ब्याऐंशीवरून एकशे अठरा, एकही गोळी न घेता! मी तो कागद छगनभाईंकडे घेऊन गेलो आणि लिफ्टसमोर वाचून दाखवा म्हणालो. त्यांना नेमकी घाई होती. चांगला आकडा वाचायला कोणाला वेळ नसतो.

संध्याकाळी डॉक्टरांकडे जाताना नीलाला बरोबर घेतलं. खरं सांगायचं तर कौतुक होईल तेव्हा कोणीतरी साक्षीदार हवा होता. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद होती. मी वर पोचून, पाणी पिऊन, आत नंबर लावून बसलो, तरी ती आली नव्हती. मग आली आणि खुर्चीवर बसली ती बसलीच.

मी कागद पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला, "छान, काका," म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिल्या. छान, बस्स! तीन महिन्यांच्या दुधीला एक छान.

"काकी, इकडे या जरा."

त्यांनी नीलाच्या दंडाला पट्टा बांधला. फुगवला, सोडला, परत फुगवला. रक्तदाब एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा एकशे चार.

"याआधी कधी तपासला होता?"

नीलानं आठवून पाहिलं. "बाळंतपणात."

प्राजक्ता सव्वीस वर्षांची आहे.

"खाता काय तुम्ही?"

"काही विशेष नाही," नीला म्हणाली. "यांचं झालं की उरलेलं." मग तिनं शांतपणे सांगायला सुरुवात केली. सकाळी लोचो असला तर लोचो, कारण तो टिकत नाही. दुपारी उंधियू. शेवभाजी तीन दिवस पुरवली. मगस आणि अडदिया चहाबरोबर. तळणीतलं उरलेलं तेल टाकवेना, म्हणून ते स्वतःच्या भाजीला. चार-सहा डबे तिनं वॉचमनला आणि भांडीवाल्या धुरपदाबाईंना दिले होते. पण धुरपदाबाईही डबा रिकामा परत करत नसत.

"अगं, पण तू कशाला..." माझा आवाज चढला. "सांगायचं नाही मला?"

"तुमच्या डोळ्यांसमोर राहिलं असतं तर तुमचं पथ्य मोडलं असतं," ती म्हणाली. "आणि अन्न टाकायचं का?"

मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांचा आभारी आहे. त्यांनी रक्ताची चिठ्ठी लिहिली, गोळी लिहिली आणि खणातून पथ्याचा तोच छापील कागद काढला.

दोन दिवसांनी नीलाचा आकडा आला. एकशे एक्क्याण्णव.

तीन महिने मी सगळ्या जगावर चिडलो होतो: छगनभाईंवर, कमिटीवर, मेहुण्यावर, टेंपोवर, खानदेशवर आणि गुजरातवर. त्या दिवशी चिडायला माणूस शोधत मी घरभर फिरलो आणि शेवटी बेसिनच्या आरशासमोर उभा राहिलो. पट्ट्याचं चौथं भोक, आत गेलेलं पोट, तकतकीत चेहरा. मला त्या माणसाची भयंकर चीड आली.

तेवढ्यात बेल वाजली. छगनभाईंचा डबा. आत चार माव्याच्या घाऱ्या, तुपात माखलेल्या. मी झाकण लावलं आणि तसाच त्यांच्या दारात गेलो.

त्यांनी डबा उघडला. "आ तो अमारी ज घारी छे!"

"हो," मी म्हणालो. "रिकामा डबा परत द्यायचा नाही ना? भरलेला आणलाय."

त्यांचा चेहरा पडला. मी पुढे म्हणालो, "छगनभाई, माझा फर्स्ट नंबर गेला. नीला एकशे एक्क्याण्णव. बीपी वेगळं."

आमच्या सेक्रेटरींनी डब्याचं झाकण परत लावलं. मग त्यांनी मान वळवून आत विचारलं, कँपच्या दिवशी तिनं तपासणी केली होती का. "चंचळ, ते दहाडे तें टेस्ट करावेली के?"

आतून कढईचा चर्र आवाज आला. "मने क्यां टाइम हतो? पेला लोको माटे चा कोण मूकते?"

त्या लोकांचा चहा कोण ठेवणार होतं, हा प्रश्न तिथेच सोडून मी घरी आलो.

त्या दिवसापासून स्वयंपाक मी करतो. मुगाची आमटी, दोन भाज्या, मोजून पाच भाकरी; त्यांतल्या दोन नकाशासारख्या होतात. तेल चमच्यानं घालतो. पहिल्या दिवशी दोन ताटं शेजारी मांडली आणि नीलाला आधी वाढलं. ती अवघडून बसली, सारखी आत ओट्याकडे बघत होती. जेवण झाल्यावर सवयीनं उठली, पातेल्यांची झाकणं एकेक करून काढली आणि पुन्हा ठेवली.

"काही उरलंच नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार होती.

"नाहीच उरणार," मी म्हणालो. "बस तू."

सोसायटीत आमच्याबद्दल काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे, आणि डिसेंबरात टेंपो येईल तेव्हा आणखी बोललं जाईल. पलंगाखाली शेवटचा डबा आहे, सीलबंद. माणशी महिन्याला अर्धा किलो या हिशेबानं तो आम्हा दोघांना पंधरा महिने पुरतो. दोघांना, हे मी डब्यावर खडूनं लिहून ठेवलंय.